पाच माणसांची हवा

सायरन वाजला तेव्हा मी कणीक मळत होतो. माझ्या एकट्यापुरती. संध्याकाळची वेळ, बाहेर अजून उजेड होता.

सगळे आतल्या खोलीकडे धावले. दळवीसाहेब, पाटणकर, सांगलीचे दोघे भाऊ आणि आदल्या दिवशी दम्मामहून पळून आलेला दळवीसाहेबांचा मित्र. मीही धावलो. दोन्ही हातांना ओली कणीक.

दळवीसाहेब दारात उभे. गॅस मास्क कपाळावर चढवलेला. त्यांनी हात आडवा धरला.

"तू स्वयंपाकघरात थांब."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. सायरनचा आवाज मोठा होता.

"तूच म्हणालास ना, पाच माणसांपुरती हवा आहे म्हणून? झाले पाच. ओलं फडकं घे तोंडावर. काही होत नाही."

दार लागलं. मग परत चार बोटं उघडलं.

"आणि हे बघ, बाहेरून पट्टी मार. खालच्या फटीला नीट मार. आम्हाला तुझ्यासारखी जमत नाही."

मी मारली.

त्यांनी मला बाहेर ठेवलं, हे मी कुणालाही सांगू शकतो. मी पट्टी मारली, हे सांगताना आजही जीभ अडते. हात पायजम्याला पुसले, रोल घेतला, गुडघ्यांवर बसलो आणि त्या दाराच्या चारी बाजूंना चिकटपट्टी लावली. अंगठ्याने दाबत दाबत. एक सुरकुती राहू दिली नाही. वर आभाळात काय येतंय ते माहीत नाही, त्यात विषारी वायू आहे की नाही ते माहीत नाही, आणि मी मात्र सफाईदार काम करत होतो. माझ्याशिवाय पाच जण वाचावेत म्हणून.

मग स्वयंपाकघरात गेलो. तिथल्या खिडकीला काहीच लावलेलं नव्हतं. टॉवेल भिजवला, तोंडावर धरला आणि सिंकला पाठ लावून बसलो. थोड्या वेळाने वर दोन स्फोट झाले. कपबशा हलल्या. मी नाकाने वास घेत होतो. गॅसला वास असतो की नसतो, तेही मला माहीत नव्हतं.

मी माणगाव तालुक्यातला. आयटीआयमध्ये पत्र्याचं काम शिकलो, मुंबईत एसीचे डक्ट बनवणाऱ्या कारखान्यात चार वर्षं घातली आणि एजंटमार्फत सौदीला आलो. अल खर्जला एका डेअरीच्या शीतगृहाचं काम चाललं होतं, तिथे डक्ट बसवायला. कॅम्पात एका खोलीत आठ जण. मल्याळी, बिहारी, दोन पठाण. हिंदीतून बोलायचं, हिंदीतून भांडायचं. कोण कुठल्या वाडीचा हे तिथे कुणी विचारत नव्हतं, कारण कुणाला कुणाची वाडी कळतच नव्हती. ते एक वर्ष मी मोकळा झोपलो.

मग इराकने कुवेत घेतलं. गोऱ्यांचं सैन्य यायला लागलं, रस्त्यावरून रणगाडे लादलेले ट्रेलर जाताना दिसायचे. काम आधी मंदावलं, मग बंदच झालं. कंत्राटदार सुट्टीवर म्हणून गेला तो परत आला नाही. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे व्हिसे तो सौदी मालक, एके दिवशी कॅम्पात आला, गाडीतून उतरलासुद्धा नाही. "शुगल माफी. खलास." काम नाही, संपलं. लढाई होईपर्यंत आपापलं बघा. पासपोर्ट त्याच्याकडेच राहिले. माझ्या खिशात इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, झेरॉक्स, पिशवीत पत्रा कापायची कात्री, हातोडी, टेप.

रियाधला आलो. पिकअपच्या मागे बसून. बत्ह्याच्या बाजारात सकाळी एका कोपऱ्यावर माणसं उभी राहायची. गाडी थांबायची, खिडकीतून बोट बाहेर यायचं, ज्याच्याकडे बोट तो मागे चढायचा. कधी टाक्या साफ करायच्या. कधी देश सोडून निघालेल्या कुटुंबांचं सामान खाली आणायचं. मी एका बाईचा शिवणयंत्राचा खोका चार मजले उतरवला आणि तो तिने शेवटी रस्त्यातच टाकून दिला. पोलिसाची गाडी दिसली की आम्ही पांगायचो, कारण आपला कफील सोडून दुसऱ्याकडे काम करणं गुन्हा. काम मिळायचं. झोपायला जागा मिळत नव्हती. मल्याळ्यांच्या खोलीत मल्याळी हवा, पठाणांच्या खोलीत पठाण. मी तेरा दिवस एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पांघरून काढले.

बत्ह्यातच एक हार्डवेअरचं दुकान होतं. गल्ल्यावर कासमभाई. दापोलीकडचे, पन्नाशीचे, तोंडाने तिखट. मी खिळे घ्यायला गेलो असताना मला बोलताना त्यांनी ऐकलं.

"कोकणातला ना रे तू?"

"हो."

"मग हिंदी कशाला झाडतोस?"

त्यांच्या दुकानातच पाटणकर भेटला. माझ्याहून लहान, एका मोठ्या कंपनीत स्टोअरकीपर. मराठी ऐकून खुलला. "आमच्या रूमवर एक बेड रिकामा आहे. नागपूरचा एक गेला परत. साहेबांना विचारतो."

साहेब म्हणजे दळवीसाहेब. साताऱ्याकडचे, साइट सुपरवायझर. खोली त्यांच्या नावावर, म्हणून शब्द त्यांचा. मला समोर बसवलं. चहा दिला.

"आडनाव काय म्हणालास?"

मी सांगितलं. माझं आडनाव असं आहे की ते गावातही सापडतं आणि गावाबाहेरच्या वाडीतही.

"गाव?"

सांगितलं.

"म्हणजे आमच्यातलाच." ते पाटणकरकडे बघून हसले. "बरं झालं बाबा. घरचा माणूस मिळाला."

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. चहा प्यायलो. बाहेर थंडी होती आणि खोलीत गादी होती.

दोन महिने मी त्या खोलीत घरचा माणूस होतो. माझ्या हातच्या भाकऱ्यांचं दळवीसाहेब कौतुक करायचे. एका परातीत हात घालून जेवायचो. त्या वर्षी आपल्याकडे राखीव जागांवरून रान पेटलं होतं. कंपनीत महिन्याचे शिळे पेपर यायचे, ते दळवीसाहेब मोठ्याने वाचायचे. "सरकारचे जावई," म्हणायचे. "उद्या आमच्या उरावर बसतील." सांगलीचे भाऊ हसायचे. पाटणकर हसायचा.

मीही हसायचो.

माझ्या आईने दुसऱ्याच्या शेतात वाकून वाकून मला शिकवलं. आयटीआयची ती जागा राखीवच होती. आणि मी तिथे परातीत हात घालून हसत होतो. कुणी मारत नव्हतं, कुणी धमकावत नव्हतं. एका गादीसाठी.

माझी पत्रं दळवीसाहेबांच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर यायची. मी घरी कळवलं होतं, नाव नुसतं लिहा, गावही लिहू नका. पण धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि तिने आनंदाच्या भरात स्वतः पत्र लिहिलं. पाकिटाच्या मागे शाळेत शिकवतात तसा पूर्ण पत्ता. मुक्काम बौद्धवाडी, पोस्ट अमुक, तालुका माणगाव.

दळवीसाहेबांनी ते माझ्या गादीवर ठेवलं. पत्त्याची बाजू वर.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या स्वयंपाकाच्या पाळीच्या कागदावरून माझं नाव गेलं होतं. खोडलं नव्हतं, नवीनच कागद लावला होता. माझं ताट आणि पेला खिडकीत वेगळे ठेवलेले. मी पाटणकरला विचारलं, हे काय? तो बुटाची नाडी बांधत होता. बांधतच राहिला.

दळवीसाहेबांनी एकदाच विषय काढला. गोड आवाजात. "माझं काही नाही रे. मी असलं मानत नाही. पण पाच माणसांत राहायचं म्हणजे सगळ्यांना चालायला पाहिजे. आणि तू सांगितलं नाहीस, हे बरोबर केलं नाहीस."

ते मला हाकलतील असं वाटलं होतं. हाकललं नाही. का ते आठवड्याने कळलं. लढाई सुरू होणार हे नक्की झालं. इराक विषारी वायू सोडेल या भीतीने सगळं शहर घरातली एक खोली बंद करायला लागलं. खिडक्यांना प्लास्टिक, फटींना चिकटपट्टी. साहेबांनी कंपनीतून पट्ट्यांचे रोल आणले आणि माझ्यासमोर ठेवले.

"तुझं कामच आहे ते."

होतं. डक्टमधून हवा निसटू द्यायची नाही, हेच मी शिकलो होतो. मी ती आतली खोली दोन दिवसांत बंद केली. खिडकी, एसीचं भोक, बोर्डाच्या मागची तार जाते ती जागासुद्धा. मग लांबीरुंदी मोजली आणि म्हणालो, "पाच माणसं तीन तास बसू शकतात. काही होणार नाही."

दळवीसाहेब, पाटणकर, दोघे भाऊ. आणि मी. त्या पाचांत मी स्वतःला धरलं होतं.

त्या पहिल्या सायरनला धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर आतून दारावर थाप पडली. "काढ रे." मी पट्टी काढली. ते घामेजून बाहेर आले. दळवीसाहेबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बघ. झालं का काही तुला?"

मी त्याच वेळी का निघालो नाही? लोक विचारतात. जाणार कुठे? शहरात सगळीकडे तपासणी. माझ्या इकाम्याची झेरॉक्स अल खर्जची. त्या सिमेंटच्या गोण्या आठवत होत्या. मी खिडकीतल्या ताटात जेवून झोपलो.

पण काम मिळत होतं. कासमभाई दुकानात रोल घ्यायला येणाऱ्याला सांगायचे, "नुसती टेप नेऊन काय करणार? हा माणूस घेऊन जा." असा मी एका इजिप्शियन मास्तराच्या घरी गेलो. शाळेत गणित शिकवायचा. बायको, दोन मुली. मी त्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला प्लास्टिक लावत होतो तेव्हा भर दुपारी सायरन वाजला.

मी शिडीवरून उतरलो आणि सवयीने दाराकडे निघालो. बाहेर. कुणी सांगायच्या आत. माझे पायच आपोआप निघाले.

मास्तराने माझा दंड धरला आणि मला आत ओढलं. अरबीत काहीतरी ओरडला. मला एवढंच कळलं, यल्ला, यल्ला. चल, चल. त्याच्या बायकोने चेहऱ्यावर ओढणी घेतली आणि मुलींना घेऊन कोपऱ्यात सरकली. मला जागा व्हावी म्हणून. त्या देशात परक्या पुरुषाला बायकोच्या खोलीत घेणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मास्तराने दार लावलं, मी पट्टी मारली. आतून. पहिल्यांदाच आतून. आम्ही पाच जण गुडघ्याला गुडघा लावून बसलो. धाकटी मुलगी माझ्या कात्रीकडे बघत होती.

तो सायरन खोटा निघाला. मास्तराने नाव विचारलं नव्हतं. उपकार केल्याचा चेहराही नव्हता त्याचा. उलट नंतर एका कोपऱ्यातली पट्टी वाकडी आहे म्हणून मला ती उपटून पुन्हा लावायला लावली.

मी परत चालत आलो. रस्ता रिकामा. माझ्या डोक्यात मास्तराचा चांगुलपणा नव्हता. माझे पाय होते. दाराकडे आपोआप निघालेले पाय. हे पाय कुणी बनवले? दळवीसाहेबांनी दोन आठवड्यांत बनवलेले नव्हते. गावात देवळाच्या पायरीपासून लांब उभं राहायला शिकलेले, शाळेत शेवटच्या रांगेत जाऊन बसलेले, ते पाय मी विमानात घालून बरोबर आणले होते. मी रस्त्यातच बसलो.

चार दिवसांनी पुन्हा सायरन. जेवायच्या आधी. ते पाचही जण आत शिरले. दळवीसाहेब मास्क चढवत म्हणाले, "पट्टी घे."

मी पट्टी घेतली नाही. दारात बसलो. पाठ एका चौकटीला, तळपाय समोरच्या चौकटीला.

"हे काय?"

"मी आत, नाहीतर दार उघडं."

"ऊठ. वेळ नाही."

"नाही उठत."

"अरे मरू आम्ही!"

"मीपण."

सांगलीच्या थोरल्या भावाने माझी कॉलर धरली आणि मला बाहेर ओढायला लागला. शर्ट बाहीपासून फाटला. मी चौकट सोडली नाही. माझ्या हातात पत्रा वाकवायची ताकद आहे. तेवढ्यात वर मोठा आवाज झाला, खिडकीचं प्लास्टिक फुगून परत बसलं. त्याने मला सोडलं आणि डोक्यावर हात घेऊन खाली बसला.

पाटणकर रडायला लागला. "साहेब, घ्या हो त्याला आत. पाया पडतो तुमच्या."

दळवीसाहेबांनी मास्क वर केला. चेहरा पांढरा पडला होता. "बरं. ये. ये आत. तिकडे कोपऱ्यात बस."

कोपऱ्यात. मरणाच्या दारातही ह्या माणसाला मला कुठे बसवायचं हे सुचत होतं.

"कोपरा नको मला," मी म्हणालो. "पाच माणसं मी मोजली तेव्हा त्यात मी होतो. मी बौद्धवाडीचा. दोन महिने तुम्ही माझ्या हातचं खाल्लंत, एका परातीत खाल्लंत. कुणाला काही झालं नाही. मी सांगितलं नाही ही माझी लाज. ती मी आज टाकली. तुम्ही दार लावलंत. ती लाज तुमची. ती तुम्ही सांभाळा."

मी आत गेलो नाही आणि उठलोही नाही. धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत दार उघडं राहिलं. सहा जणांनी एकच हवा घेतली. मला भीती वाटत होती. पण पाय चौकटीला घट्ट होते.

भोंगा झाला तसा मी उठलो. पिशवी भरली, वळकटी बांधली. पाटणकर जिन्यापर्यंत आला. "मला बोलता आलं नाही रे," म्हणाला. मी म्हणालो, "आज बोललास. पहिल्या दिवशी बोलला असतास तर तो शब्द माझ्या कामाचा होता."

दुसऱ्या दिवशी कासमभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी फाटका शर्ट बघितला. मी त्यांना विचारायची संधी दिली नाही.

"भाई, राहायला जागा पाहिजे. आधीच सांगतो. मी बौद्धवाडीचा."

त्यांनी हिशेबाच्या वहीतून डोकं वर केलं. "जागा मागितलीस, त्यात तुझ्या वाडीचं कुठे विचारलं मी? मागे पाइपांची खोली आहे. उंदीर आहेत. चालेल?"

"चालेल."

"मग पाइप एका बाजूला लाव आधी."

कासमभाई काही संत नव्हते. त्यांच्या गावातही आमच्या लोकांना ओट्याच्या खाली बसवत असत, ते त्यांनीच मला पुढे सांगितलं. "आमचे वडील बसवायचे," म्हणाले. "मीपण बसवलं असेल. आठवत नाही." आठवत नाही म्हणताना त्यांनी नजर वळवली. पण पाइपांच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली, खिडकीत ठेवली नाही.

लढाई संपली. लोक परत यायला लागले, बांधकामं सुरू झाली. एक दिवस दळवीसाहेब दुकानात आले. त्यांच्या कंपनीला डक्टवाले हवे होते. कफीलकडून सुटण्याचा कागद, पक्की नोकरी, कंपनीची खोली. सगळं मिळवून देतो म्हणाले.

"झालं गेलं विसर. भीतीत माणूस कसाही वागतो."

"भीती मलाही होती," मी म्हणालो.

"किती दिवस धरून बसणार आहेस?"

"तुम्ही पाकीट बघितलंत तेव्हा लढाई कुठे सुरू झाली होती साहेब? ताट खिडकीत ठेवलंत तेव्हा कसली भीती होती?"

मला ती नोकरी हवी होती. खरं सांगतो, फार हवी होती. बहिणीचं लग्न तोंडावर होतं. पण त्यांना नोकरीच्या बदल्यात माझ्या तोंडून "जाऊ द्या साहेब" एवढे तीन शब्द हवे होते. ते मी दिले नाहीत. ते गेले. मी अल खर्जला त्याच कफीलकडे परतलो, पत्र्याच्या शेडमध्ये आणखी दोन उन्हाळे काढले. बहिणीच्या लग्नाला मी नव्हतो. तो राग अजून जिवंत आहे आणि मी त्याला मरू देणार नाही. मी दळवीसाहेबांना माफ केलेलं नाही. मरेपर्यंत करणार नाही. माफी मागायलाही आधी गुन्हा कबूल करावा लागतो.

त्यानंतर मी खूप खोल्या बदलल्या. सौदीत, मुंबईत, पुण्यात. प्रत्येक ठिकाणी सामान खाली ठेवण्याआधी मी माझी वाडी सांगतो. मोठ्याने, कुणी विचारायच्या आत. काही ठिकाणी माणसं गप्प होतात. काही ठिकाणी भाडं अचानक वाढतं. काही म्हणतात, असलं कशाला सांगता, आम्ही मानत नाही. मी ऐकून घेतो आणि वळकटी सोडतो. ज्याला माझ्या शेजारी राहायचं नसेल त्याने आपलं सामान बांधावं आणि निघावं. मी आता कुठूनही उठणार नाही.